वृद्ध रुग्णातला पाण्याचा आणि क्षारांचा बिघाड कसा ओळखावा

वृद्ध माणूस पाणी मागत नाही, म्हणून त्याला पाण्याची गरज नाही असे समजू नका. वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते, मूत्रपिंडांना लघवी दाट करून पाणी राखणे पूर्वीसारखे जमत नाही, आणि स्नायू घटल्याने शरीरातला पाण्याचा साठाच कमी असतो. तरुण पुरुषात तो वजनाच्या सुमारे ६० टक्के, तर वृद्धात ५० च्या आसपास असतो. त्यामुळे तरुणाला सोसवणारे दोन दिवसांचे जुलाब वृद्धाला आडवे करतात.

सगळ्यात भरवशाचे साधन म्हणजे वजनकाटा. रोज सकाळी लघवी झाल्यावर, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर आणि तशाच कपड्यांत वजन करून लिहून ठेवा. एका-दोन दिवसांत १ किलो कमी-जास्त झाले तर तो जवळपास १ लिटर पाण्याचा फरक असतो, कारण चरबी किंवा स्नायू इतक्या झपाट्याने बदलत नाहीत. वजन वाढतेय आणि नडगीवर बोट दाबल्यावर खळगा राहतोय, तर पाणी साचते आहे.

हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून पाहण्याची सवय सोडा; ती वयानेच सैल झालेली असते. पाहायचेच तर छातीच्या मधल्या हाडावर पाहा, पण निष्कर्ष त्यावर काढू नका. तोंडाने श्वास घेणाऱ्याची जीभ एरवीही कोरडी असते, म्हणून गाल आणि हिरडी यांच्यामधला ओलावा तपासा.

मग बीपी. रुग्णाला ५ मिनिटे आडवे ठेवून मोजा, उभे करून १ आणि ३ मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर पाणी कमी पडल्याची शंका घ्या. काही औषधांनीही असे होते. बीटा ब्लॉकर (नाडी मंद ठेवणारे बीपी-हृदयाचे औषध) चालू असेल तर पाणी कमी पडूनही नाडी वाढत नाही, त्या साध्या नाडीवर विसंबू नका. उभे करताना शेजारी माणूस हवाच.

लघवी ताशी वजनाच्या दर किलोमागे अर्धा मिली, म्हणजे ५० किलोच्या रुग्णात २५ मिलीच्या खाली गेली तर ती कमी आहे. मात्र लघवीच्या गोळ्या चालू असतील किंवा साखर वाढलेली असेल, तर भरपूर लघवी होत असतानाच शरीर कोरडे पडते.

क्षारांचा, म्हणजे रक्तातल्या सोडियम-पोटॅशियमचा, बिघाड बहुधा वागण्यात दिसतो आणि तिथेच तो सर्वाधिक निसटतो. कालपर्यंत नीट बोलणारा माणूस आज बरळतो, पेंगतो, चालताना झोके खातो, आणि घरचे म्हणतात, 'वयच झालंय.' विसराळूपणाचा आजार महिनोन् महिने हळूहळू वाढतो. तासा-दिवसांत आलेला आणि दिवसभर कमी-जास्त होणारा गोंधळ वेगळा असतो. असे दिसले की सोडियम तपासा (लिटरमागे १३५ ते १४५ मिलिमोल असावे). थायझाइड गटातल्या लघवीच्या गोळ्या आणि नैराश्यावरची काही औषधे ते उतरवतात.

पोटॅशियम त्याच मापात साधारण ३.५ ते ५ असते. उतरले तर स्नायू गळतात आणि बद्धकोष्ठ होते. डिगॉक्सिन हे हृदयाचे औषध घेणाऱ्यात हृदयाची लय बिघडू शकते. बीपीच्या काही गोळ्या, वेदनाशामके आणि पोटॅशियमयुक्त 'पर्यायी मीठ' यांनी ते चढते, आणि चढताना अनेकदा कुठलेच लक्षण देत नाही. नमुन्यातल्या रक्तपेशी फुटल्या असतील तर आकडा खोटा चढतो. तपासणी पुन्हा करावी लागते, पण ईसीजी त्यासाठी थांबवू नये.

जुलाबात ओआरएसचे पाकीट त्यावर लिहिलेल्या पूर्ण पाण्यातच विरघळवा. कमी पाण्यात केले की सोडियम वाढते. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर किती द्यायचे ते आधी डॉक्टरांना विचारा. उतरलेले सोडियम मीठ चारून घरी भरून काढू नका. बरेच दिवस कमी असलेले सोडियम २४ तासांत लिटरमागे ८ ते १० मिलिमोलपेक्षा जास्त चढवले तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

झटके, न उठवता येणारी झोप, अनियमित किंवा फार मंद नाडी, गिळता न येणे: यातले काहीही दिसले तर तोंडात पाणी न घालता रुग्णाला थेट रुग्णालयात न्या. सोबत वजनाची वही आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे घ्या.