आयटीआयची कॉम्प्युटर लॅब: तास सुरू होण्याआधी या चुका टाळा

डेडस्टॉक रजिस्टरवर, म्हणजे संस्थेच्या सामानाच्या नोंदवहीत, २४ संगणक दिसले की संस्था तयार, असं धरून चालतात. एकेक मशीन लावून ‘चालू’ची टिक मारली तर निम्मे दोष लपतात. चोवीसही एकदम लावा आणि फिटर किंवा टर्नरचा नेहमीचा धडा तासभर चालवून बघा.

पहिला घोळ विजेचाच निघतो. मॉनिटरसकट एका डेस्कटॉपला १२० वॅट धरले तर २४ मशीनना २,८८० वॅट लागतात. ३ केव्हीएचा (३,००० व्होल्ट-अँपिअरचा) यूपीएस ०.८ पॉवर फॅक्टरने, म्हणजे त्याच्या ऐंशी टक्के, २,४०० वॅटच देतो, त्यामुळे विसाव्या मशीननंतर तो ओव्हरलोडची शिट्टी मारायला लागतो. ५ केव्हीएचा घ्या. लेझर प्रिंटर मात्र त्यावर लावू नका; कागदावर टोनर पक्का करणारा फ्यूजर तापताना तो एकटाच पाचशे ते हजार वॅट ओढतो. वेल्डिंग शॉप आणि लॅब एकाच फेजवर असतील तर तिकडे आर्क पेटला की इकडे व्होल्टेज बसतं, मशीन रीस्टार्ट होतात, आणि दोष ‘व्हायरस’वर जातो! न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज सगळा लोड चालू असतानाच मोजा. मल्टिमीटर एसीवर ठेवा. २-३ व्होल्ट चालतील. ५ च्या वर गेलं तर नवा यूपीएस मागवण्याआधी सैल न्यूट्रल आणि अर्थिंगचा खड्डा तपासा.

चोवीस जणांनी एकच व्हिडिओ आपापल्या मशीनवर लावला तर प्रत्येकी दीड एमबीपीएस धरून ३६ एमबीपीएस लागतात. इंटरनेटची लाइन तेवढी नसेल तर चित्र गोल फिरत बसतं. भारत स्किल्स या आयटीआयच्या ऑनलाइन अभ्यास-पोर्टलवर डाउनलोडची सोय असलेलं साहित्य आदल्या दिवशीच उतरवून एका मशीनच्या शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवा.

एकाच मशीनवर साइट उघडताना ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ येत असेल तर आधी कोपऱ्यातली तारीख बघा. ती काही वर्षं मागे गेली असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा नाण्याएवढा सेल संपलाय. तो बदला, तारीख लावा, साइट उघडते.

विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुन्या मशीनवर एसएसडी आणि लिनक्स टाकायला हरकत नाही, पण सीएनसी सिम्युलेटर (संगणकचलित यंत्राचा सराव देणारं सॉफ्टवेअर) त्यावर चालतो का हे आधी एका मशीनवर बघा. सगळी पुसून मग शोधत बसू नका.

ग्राइंडरजवळ संगणक नको. लोखंडाची भुकटी वीजवाहक असते. पंखा ती आत ओढतो आणि एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, उडतो.

निदेशकांच्या जुन्या नोट्स श्रीलिपी या जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फाँटमध्ये असतील तर ज्या मशीनवर तो फाँट नाही तिथे अगम्य चिन्हं दिसतात. त्या युनिकोडमध्ये बदलून घ्या. कन्व्हर्टरनंतर जोडाक्षरं आणि रफार नजरेखालून घाला.

आणि लॅबची चावी एकट्या कोपाच्या (संगणक चालवणं शिकवणाऱ्या ट्रेडच्या) निदेशकांकडे नको. ते रजेवर गेले की इलेक्ट्रिशियनचा तासही बुडतो. दुसरी चावी आणि ॲडमिन पासवर्डचं बंद पाकीट प्राचार्यांच्या कपाटात ठेवा.