पंप उतरवण्याआधी: जुन्या डिझेल पिकअपच्या इंजिनाबाबत या चुका टाळा

इंदूरला देवास नाक्याजवळच्या माझ्या वर्कशॉपमध्ये “गाडी सकाळी सुरू होत नाही” अशी तक्रार घेऊन येणारे बहुतेक मालक पंप (इंजिनात दाबाने डिझेल सोडणारा) खराब असल्याचा निर्णय घरूनच करून आलेले असतात. जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनात हा निर्णय बहुधा चुकीचा ठरतो आणि महागही पडतो.

चोइथराम मंडीत कांदा आणणाऱ्या एका शेतकऱ्याची पिकअप माझ्याकडे आली, तेव्हा तिचा पंप एकदा दुसरीकडे उघडून झाला होता, नोझल (सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा सोडणारे) नवे बसवले होते आणि सततच्या सेल्फने स्टार्टरही जळाला होता. तक्रार मात्र तशीच होती: दिवसभर गाडी उत्तम चाले, रात्रभर उभी राहिली की सकाळी अडे. मी सेल्फ मारायला लावून फक्त सायलेन्सरकडे पाहिले. धूर अजिबात नव्हता. सेल्फ फिरत असताना डिझेलच्या वासाचा पांढरा धूर येत असेल, तर डिझेल पोहोचते आहे पण जळत नाही. धूरच नसेल, तर डिझेल पोहोचतच नाही, असे मी धरतो. त्यानंतर टाकीकडून येणाऱ्या लाइनमध्ये वीतभर पारदर्शक नळी जोडली आणि तिच्यातून बुडबुडे धावताना मालकाला दाखवले. दोष होता बँजो बोल्टखालच्या (डिझेलचा पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टखालच्या) तांब्याच्या वॉशरचा, जो फिल्टर बदलताना कोणीतरी जुनाच परत लावला होता.

ही चूक वारंवार होते, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. पंपापुढच्या दाबाच्या लाइनमधून गळती झाली तर डिझेल बाहेर ठिबकते. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपापर्यंतच्या) ओढीच्या लाइनमध्ये मात्र फट पडली तरी चालू इंजिनात थेंबही बाहेर येत नाही, उलट हवा आत ओढली जाते आणि गाडी उभी असताना डिझेल हळूहळू टाकीकडे उतरते. म्हणून मी दर वेळी वॉशर नवेच लावतो. अगदीच अडले, तर जुना वॉशर लाल तापवून पाण्यात बुडवतो, म्हणजे कडक झालेले तांबे पुन्हा मऊ होते. एअर, म्हणजे लाइनमध्ये शिरलेली हवा, काढताना आधी फिल्टरवरचा हवा सोडण्याचा स्क्रू सैल करून हँड पंप मारावा, बुडबुडे थांबेपर्यंत धीर धरावा, मग पंपाचा स्क्रू आणि शेवटी नोझलच्या पाइपांचे नट घ्यावेत. नवशिक्यांना हा धीरच नसतो. ते सेल्फनेच एअर काढू पाहतात. सेल्फ एका वेळी १०–१५ सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि मध्ये मिनिटभर थांबावे.

नोझलमधून सुटणाऱ्या फवाऱ्यापुढे बोट कधीही धरू नये, कारण तो कातडी भेदून आत शिरतो. कॉमन रेल इंजिनात (नव्या गाड्यांतले, सर्व नोझलना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल देणारे) तर चालू असताना पाइपचा नट सैल करण्याचा विचारही करू नये. तिथला दाब १००० बारच्याही वर जातो.

काळा धूर दिसताच पंपावरचा डिझेलचे प्रमाण ठरवणारा स्क्रू फिरवू नका, आधी एअर फिल्टर उघडून पाहा. डिझेलमध्ये रॉकेल मिसळू नका. पंपाला वंगण डिझेलच पुरवते.

इंदूरजवळचा भेरूघाट चढताना इंजिन तापले, तर लगेच रेडिएटरचे झाकण उघडून थंड पाणी ओतणाऱ्यांचे हात भाजतात आणि इंजिनाच्या हेडला तडा जातो. गाडी बाजूला घेऊन अर्धा तास तरी थांबलेच पाहिजे.

तापण्यावर उपाय म्हणून थर्मोस्टॅट वॉल्व्ह (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून फेकण्याचा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. त्याशिवाय इंजिन योग्य तापमानाला लवकर येत नाही, डिझेल जास्त लागते आणि सिलिंडरच्या आतल्या लायनर-रिंगची झीज वाढते. शिवाय तापण्याचे खरे कारण, म्हणजे बुजलेला रेडिएटर किंवा सैल पट्टा, तसेच राहते. वॉल्व्हबद्दल शंका असेल, तर तो पातेल्यातल्या पाण्यात टाकून पाणी तापवावे आणि उकळी येईपर्यंतही तो उघडला नाही, तर नवा बसवावा.