पॅच कॉर्ड मागवण्याआधी एलआययू उघडा

फायबरच्या पॅच कॉर्ड, म्हणजे रॅकमधला स्विच आणि फायबरची पेटी जोडणाऱ्या छोट्या वायरी, मागवायच्या असतील तर कोटेशन नंतर. जुनी पीओ (खरेदीची ऑर्डर) तर उघडूच नका. आधी टॉर्च आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन रॅकपाशी जा, एलआययूचा (बाहेरची फायबर केबल जिथे संपते त्या पेटीचा) ट्रे बाहेर ओढा आणि आतल्या पिगटेलचं (केबलला जोडलेल्या, एकाच बाजूला कनेक्टर असलेल्या तुकड्याचं) टोक हिरवं आहे की निळं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. वहीत लिहा. मग पुढचं.

मी हे केलं नव्हतं. चाकणच्या एका कारखान्यात रविवारच्या शटडाउनमध्ये दोन शेडचे स्विच बदलायचे होते. २४ कॉर्ड लागणार होत्या आणि मी मागच्या ऑर्डरची ओळ जशीच्या तशी उतरवली: एलसी ते एससी, सिंगल मोड, डुप्लेक्स, ५ मीटर. एलसी (छोटा) आणि एससी (मोठा, चौकोनी) हे कनेक्टर, सिंगल मोड म्हणजे बारीक गाभ्याची फायबर, डुप्लेक्स म्हणजे दोन फायबरची जोडवायर. माल वेळेवर आला, लांबी बरोबर होती, टोकं निळी होती. नव्या शेडमधला एलआययू हिरवा निघाला. पाहणीला गेलो तेव्हा सगळ्या अडॅप्टरवर (दोन टोकं समोरासमोर जोडणाऱ्या खाचांवर) पांढऱ्या टोप्या होत्या आणि मशिन शॉपची तेलकट धूळ इतकी बसली होती की रंग कळत नव्हता. बोटाने पुसून बघायला दहा सेकंद लागली असती. मी नुसतं ‘एससी’ लिहून आणलं.

फसगत अशी होते की निळी एससी हिरव्या अडॅप्टरमध्ये खट्‌कन बसते. माप एकच, घट्टपणाही तोच, त्यामुळे हाताला काही जाणवत नाही. पण आतल्या काचेचं तोंड वेगळं असतं. निळी म्हणजे यूपीसी, तिचं तोंड किंचित गोलसर आणि सरळ. हिरवी म्हणजे एपीसी, तिचं तोंड ८ अंशांत तिरकं घासलेलं, म्हणजे परत फिरणारा प्रकाश कोअरमधून (फायबरच्या गाभ्यातून) बाहेर जावा. ही दोन तोंडं समोरासमोर आणली की नीट टेकतच नाहीत, मध्ये हवेची फट राहते आणि प्रकाश तिथेच सांडतो. आमच्या काही लिंक लागल्या, काही लागून पडत राहिल्या, काही लागल्याच नाहीत. पॉवर मीटर (पोचणारा प्रकाश डीबीएममध्ये मोजणारं यंत्र) उणे १७ डीबीएम दाखवत होता. दहा गिगच्या एलआर एसएफपीला (स्विचमध्ये बसणाऱ्या, लांब पल्ल्याच्या प्रकाश-मॉड्यूलला) निदान उणे १४.४ तरी पोचावे लागतात. आम्ही कॉर्ड काढून, पुसून पुन्हापुन्हा लावत बसलो आणि त्या घासाघाशीत आतल्या दोन पिगटेलची तोंडं ओरखडली. ती कापून नवी स्प्लाइस करावी (वितळवून जोडावी) लागली. सोमवारची पहिली पाळी अर्ध्या मशिनवर चालली. कॉर्ड आपल्या मापाने बनवून घेतलेल्या, त्यामुळे परतही गेल्या नाहीत.

म्हणून ऑर्डरच्या ओळीत दोन्ही टोकं वेगवेगळी लिहा आणि प्रत्येक टोकापुढे पॉलिश (यूपीसी की एपीसी) लिहा. ‘एलसी ते एससी’ ही अर्धी ओळ आहे. ‘एलसी/यूपीसी ते एससी/एपीसी’ ही पूर्ण ओळ. नेहमीच्या एसएफपीच्या बाजूला यूपीसीच लागतं, तिथे प्रश्न येत नाही. प्रश्न एलआययूच्या बाजूचा आहे. घरापर्यंत फायबर देणारे बहुतेक हिरवं वापरतात, कारखान्यांत आणि कॉलेजांत दोन्ही सापडतात, आणि एकाच आवारात दोन ठेकेदारांनी काम केलं असेल तर दोन इमारतींत दोन रंग असू शकतात. प्रत्येक एलआययू उघडा. एक बघून बाकीचे धरून चालू नका. बाहेरच्या अडॅप्टरच्या रंगावरही विसंबू नका. बदलताना हाताशी असेल तो अडॅप्टर लावलेला असतो. मागून येणाऱ्या पिगटेलचं टोक बघा.

सिंगल मोड की मल्टी मोड (जाड गाभ्याची), हे एसएफपीवरच्या आकड्यावरून कळतं: ८५० असेल तर मल्टी मोड, १३१० असेल तर बहुधा सिंगल. सिंगलची वायर पिवळी, ओएम३ या मल्टी मोड जातीची फिक्या निळसर हिरव्या रंगाची. जुनी नारिंगी वायर दिसली तर थांबा. ती ६२.५ मायक्रॉनची ओएम१ असेल तर दहा गिग जेमतेम ३३ मीटर जातं, ओएम३वर ३०० मीटर जातं. जमिनीखालून जी केबल आली आहे त्याच जातीची कॉर्ड घ्यायची, मिसळायची नाही.

एसएफपी बायडी आहे का तेही बघून घ्या. तो एकाच कोअरवर दोन्ही दिशांनी चालतो, त्याला सिम्प्लेक्स (एकेरी) कॉर्ड लागते. डुप्लेक्स मागवलीत तर अर्धी वायर नुसती लोंबत राहील.

लांबी दोरीने मोजा. स्विचच्या पोर्टपासून बाजूच्या केबल मॅनेजरपर्यंत (वायरी नेण्याच्या खाचेपर्यंत), तिथून वर किंवा खाली, पुन्हा आडवं एलआययूपर्यंत, अशी दोरी फिरवा. ४२ यूचा (यू हे रॅकच्या उंचीचं माप) रॅक आतून जवळजवळ १.८७ मीटर उंच असतो. तळातला स्विच आणि माथ्यावरचा एलआययू असेल तर २ मीटरची कॉर्ड ताणली जाते, ३ मीटर लागते. दार उघडझाप होताना वायरला ओढ बसता कामा नये. उलट १० मीटरची आणून वेटोळी कोंबली तर पुढच्या माणसाला एक वायर काढायला तासभर लागतो. साध्या जी.६५२ फायबरला ३० मिलिमीटरपेक्षा कमी त्रिज्येचा वळसा चालत नाही, जी.६५७.ए२ या जास्त वाकणाऱ्या जातीला ७.५ पर्यंत चालतो. रॅकमध्ये गर्दी असेल तर ए२ मागवा, थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील. आवरण एलएसझेडएच (जळताना कमी धूर देणारं, हॅलोजन नसलेलं).

पीओ पाठवण्याआधी ती ओळ पुरवठादाराला फोनवर वाचून दाखवा आणि तिकडून परत वाचून घ्या. ‘एससीचं टोक हिरवं ना?’ हा प्रश्न तोंडाने विचारा. ते ‘हो हो, तेच’ म्हणाले तरी कोटेशनवर एपीसी ही अक्षरं आहेत का ते बघा. नसतील तर कोटेशन परत पाठवा.

माल आला की खोकं स्टोअरमध्येच उघडा, शटडाउनच्या रात्री नको. एक पिशवी फोडा, दोन्ही टोकांचे रंग बघा, मग मोजा. टोप्या काढून ठेवू नका.

लावण्याआधी प्रत्येक टोक क्लिनरने पुसा, नवीन असलं तरी. पुसल्याशिवाय लावायचं नाही. फायबरच्या तोंडात डोळा घालू नका, प्रकाश दिसत नसला तरी लेझर चालू असतो. लेबल दोन्ही टोकांना. पॉवर मीटरचे आकडे लिहून ठेवा.

जादा म्हणून प्रत्येक जातीच्या दोन. हिरव्या टोकाच्या दोन कॉर्ड पिशवीत घालून त्या शेडमधल्या रॅकच्या दाराला आतून अडकवा, आणि पिशवीवर मार्करने ‘एपीसी’ लिहा.