आर्थिक हलाखीतून हुकूमशहा कसा वर येतो, हे कसे अभ्यासावे : जर्मनी १९२३ ते १९३३

महाविद्यालयीन निबंधात किंवा स्पर्धा परीक्षेच्या उत्तरात हा विषय आला की बहुतेक जण एकाच वाक्यावर भागवतात : पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत महागाई भडकली, लोक हैराण झाले आणि हिटलर सत्तेवर आला. यातला प्रत्येक तुकडा खरा आहे, पण हे तुकडे एकमेकांना जोडणारा दुवा त्यात नाही आणि परीक्षकाला पाहायचा असतो तो नेमका दुवाच. हलाखी आणि हुकूमशाही यांच्या मधल्या काळात काय काय घडावे लागते, ते शोधण्याची एक रीत येथे मांडली आहे.

पहिले काम कालरेषेचे. एका कागदाच्या डाव्या बाजूला आर्थिक घडामोडी आणि उजव्या बाजूला राइशटागच्या, म्हणजे जर्मन संसदेच्या, निवडणुकांत हिटलरच्या नाझी पक्षाला मिळालेली मते लिहावीत. १९१४ मध्ये एका डॉलरला सुमारे ४.२ मार्क पडत. नोव्हेंबर १९२३ मध्ये ४.२ लाख कोटी मार्क पडू लागले. त्याच महिन्यात हिटलरने म्यूनिकमध्ये उठाव केला आणि तो एका रात्रीत फसला. पुढे रेंटनमार्क हे नवे चलन आले, अमेरिकी कर्जाचा ओघ सुरू झाला आणि मे १९२८ च्या निवडणुकीत नाझींना जेमतेम २.६ टक्के मते व १२ जागा मिळाल्या. महागाई हेच मुख्य कारण असते, तर हा आकडा इतका खाली असता कामा नये. आता बेकारीचे आकडे मांडावेत. १९२९ च्या सप्टेंबरात नोंदलेले बेकार सुमारे १३ लाख होते, वर्षभराने ३० लाख झाले आणि १९३२ च्या आरंभी त्यांनी ६० लाखांचा टप्पा ओलांडला. नाझींची मते सप्टेंबर १९३० मध्ये १८.३ टक्क्यांवर आणि जुलै १९३२ मध्ये ३७.३ टक्क्यांवर गेली. म्हणजे हिटलरच्या मतांची चढण १९२९ नंतरच्या जागतिक मंदीच्या काळातली आहे, महागाईच्या काळातली नव्हे. बाजारात मिळणाऱ्या कित्येक मार्गदर्शक पुस्तकांत या दोन संकटांची सर्रास सरमिसळ केलेली आढळते.

मग महागाई उत्तरातून वगळावी का? मुळीच नाही, तिचे काम वेगळे होते, ते वेगळे सांगावे. ज्यांनी आयुष्यभर बचत केली, निवृत्तिवेतनावर भिस्त ठेवली किंवा देशप्रेमापोटी युद्धकर्जाचे रोखे घेतले, त्या मध्यमवर्गाची पुंजी १९२३ मध्ये अक्षरशः मातीमोल झाली. हा वर्ग लगेच हिटलरकडे गेला नाही, पण आपल्या जुन्या उदारमतवादी पक्षांपासून तुटला. १९२८ मध्ये केवळ छोटे व्यापारी आणि घरमालक यांच्या हितासाठी झगडणाऱ्या एका पक्षाला ४.५ टक्के मते पडली, म्हणजे नाझींपेक्षाही जास्त. मंदी येण्याआधीच मधले पक्ष आतून पोखरले गेले होते, याचा याहून बोलका पुरावा मिळणे कठीण.

यानंतर ‘लोक’ हा शब्द फोडावा. हलाखी सगळ्यांना सारखी भोगावी लागत नाही आणि तिच्यातून सगळे एकाच दिशेला जात नाहीत. कारखान्यातून काढलेला बेकार कामगार मोठ्या प्रमाणावर कम्युनिस्टांकडे वळला; त्यांची मते १९२८ मधील १०.६ टक्क्यांवरून नोव्हेंबर १९३२ पर्यंत १६.९ टक्क्यांवर गेली. नाझींचा भक्कम पाया होता तो प्रॉटेस्टंट पंथीय ग्रामीण भागात आणि लहान दुकानदार, कारागीर व शेतकरी यांच्यात, म्हणजे ज्यांचे काम अजून गेले नव्हते, पण जे कर्जात बुडत चालले होते त्यांच्यात. कॅथलिक भागांत चर्चच्या आधाराने उभा असलेला सेंटर पक्ष टिकून राहिला आणि तिथे नाझींना तुलनेने कमी मते मिळाली, ही गोष्टही नोंदवावी. उपासमार होताच माणूस हुकूमशहाच्या मागे जातो, हा समज एवढ्यानेच ढासळतो.

एखादा प्रदेश जवळून पाहिला की हे नीट उमजते. डेन्मार्कच्या सीमेवरचा श्लेस्विग-होल्श्टाइन हा पशुपालन करणाऱ्या शेतकऱ्यांचा मुलूख. तिथे शेतमालाचे भाव वॉल स्ट्रीट, म्हणजे अमेरिकेचा शेअर बाजार, कोसळण्याच्या आधीच घसरले होते, व्याज भरमसाट होते आणि कर थकले की जप्ती व लिलाव ठरलेले असत. नोव्हेंबर १९२८ मध्ये बायडेनफ्लेथ या गावी थकबाकीदार शेतकऱ्यांचे बैल जप्त करून नेत असताना गावकऱ्यांनी रस्त्यात पेंढा पेटवला. बैल बुजले आणि जप्ती फसली. पुढे खटला भरला गेला आणि हे साधे शेतकरी आरोपी ठरले. आपल्याकडच्या वाचकाला जप्तीची नोटीस म्हणजे काय, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. या शेतकऱ्यांची चळवळ नाझींनी सुरू केली नव्हती, पण तिच्यामागे पक्की संघटना नव्हती. नाझींकडे ती होती आणि गावोगाव सभा घेणारे वक्तेही होते. या प्रांतात नाझींना १९२८ मध्ये ४ टक्के मते होती, १९३० मध्ये २७ टक्के झाली आणि जुलै १९३२ मध्ये ५१ टक्के, म्हणजे निम्म्याहून अधिक.

प्रचाराची साधने तपासताना १९३२ चे एक भित्तिपत्रक अवश्य पाहावे. त्यावर खंगलेल्या, मान खाली घातलेल्या माणसांची गर्दी आहे आणि मजकूर एवढाच : ‘आमची शेवटची आशा : हिटलर’. त्यात ना योजना आहे, ना आकडेवारी. इतर पक्षांकडे योजना होत्या, पण त्या ज्याच्या-त्याच्या वर्गापुरत्या होत्या. नाझींनी शेतकऱ्याला भावाचे, कामगाराला कामाचे आणि दुकानदाराला मोठ्या दुकानांपासून संरक्षणाचे आश्वासन दिले. ही आश्वासने परस्परविरोधी होती, पण महायुद्धानंतर जर्मनीवर लादलेला व्हर्सायचा तह, ज्यू आणि मार्क्सवादी यांच्यावर सगळा दोष ढकलून ती एका दोरीत बांधली गेली.

आता सर्वांत जास्त वेळ द्यावा तो सरकारच्या निर्णयांना, कारण मंदी जगभर आली, पण तिच्याशी कसे वागायचे हे प्रत्येक देशाने आपापले ठरवले. मार्च १९३० मध्ये चॅन्सेलर, म्हणजे सरकारचे प्रमुख, हेर्मान म्युलर यांचे आघाडी सरकार पडले ते बेकारी विम्याचा हप्ता किंचित वाढवावा की नाही, या वादावरून. बहुमत असलेले ते शेवटचे लोकशाही सरकार. त्यानंतर आलेल्या हाइनरिख ब्र्युनिंग यांनी संसदेने नाकारलेला अर्थसंकल्प राज्यघटनेच्या ४८ व्या कलमाखाली राष्ट्राध्यक्षांच्या वटहुकुमाने लादला आणि संसदच विसर्जित केली. खर्चात कपात, कर्मचाऱ्यांच्या पगारात कपात, करवाढ असा त्यांचा क्रम होता. डिसेंबर १९३१ च्या वटहुकुमाने वेतने जानेवारी १९२७ च्या पातळीवर खाली आणली. त्याआधी जुलैमध्ये बँका कोसळल्या होत्या. सरकारने पैसा का ओतला नाही, असा प्रश्न इथे पडतो. १९२३ ची धास्ती अजून मनातून गेली नव्हती, आंतरराष्ट्रीय करारांनी हात बांधले होते आणि जर्मनी युद्धदंड भरूच शकत नाही, हे जगाला दाखवून देण्याचा हेतूही होता. या धोरणाला पर्याय कितपत उपलब्ध होता, यावर इतिहासकारांत आजही वाद आहे. उत्तरात हा वाद असल्याचे सांगावे, निकाल देऊ नये. मात्र १९३१ पासून संसदेच्या कायद्यांपेक्षा वटहुकूम संख्येने जास्त झाले, ही बाब वादातीत आहे. हिटलर येण्यापूर्वी दोन-अडीच वर्षे संसदेला डावलून कारभार करण्याची सवय राज्यकर्त्यांना लागलेली होती. माझ्या मते संपूर्ण विषयातली ही सर्वांत महत्त्वाची कडी आहे आणि तीच सर्वाधिक वेळा गाळली जाते.

शेवटची कडी दार उघडून देणाऱ्यांची. नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकीत नाझींची सुमारे २० लाख मते घटली, प्रमाण ३३.१ टक्क्यांवर उतरले आणि पक्ष कर्जबाजारी झाला. मतांच्या जोरावर सत्ता मिळवण्याची त्यांची शक्यता आटत असताना माजी चॅन्सेलर फ्रान्झ फॉन पापेन यांनी ४ जानेवारी १९३३ रोजी कोलोनमध्ये एका बँकमालकाच्या घरी हिटलरची भेट घेतली. हिटलरला पदावर बसवून आपण त्याला मुठीत ठेवू, असा जुन्या उच्चभ्रूंचा होरा होता. ३० जानेवारीला राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी त्याची चॅन्सेलरपदी नेमणूक केली तेव्हा मंत्रिमंडळात त्याच्यासह नाझी होते अवघे तीन. पुढचा क्रम सर्वश्रुत आहे : २७ फेब्रुवारीची संसदेची आग, दुसऱ्या दिवशीचा नागरी हक्क स्थगित करणारा वटहुकूम आणि संसदेविना कायदे करण्याचा अधिकार सरकारला देणारा २३ मार्चचा अधिकारदान कायदा, ज्याच्या विरोधात फक्त सोशल डेमोक्रॅट सदस्यांची ९४ मते पडली.

निष्कर्ष लिहिण्यापूर्वी तो दुसऱ्या देशावर पारखून घ्यावा. अमेरिकेत १९३३ मध्ये जवळपास चारातला एक कामगार बेकार होता, तरी तिथे निवडणुकीतून रूझवेल्ट आले आणि संसद चालू राहिली. स्वीडनमध्ये १९३३ मध्ये सोशल डेमोक्रॅट आणि शेतकरी पक्ष यांनी सौदा केला : शेतमालाला भावाचे संरक्षण, त्याच्या बदल्यात बेकारांसाठी सरकारी कामे. जर्मनीतला शेतकरी आणि कामगार ज्या प्रश्नांवर एकमेकांपासून दुरावले, त्याच प्रश्नांवर तिथे तडजोड झाली. उत्तराला जागा कमी असेल तर महागाईचा परिच्छेद दोन ओळींत आटोपावा आणि वाचलेली जागा वटहुकूम, जानेवारी १९३३ ची खलबते आणि स्वीडनची ही तुलना यांना द्यावी.