विहिरीतला शिंपला ब्रॅकिओपॉड आहे का, हे कसं पाहायचं

वरोरा तालुक्यात विहीर खणताना शिंपल्यासारखा दगड निघाला की तो माझ्याकडं येतो. भूगोलाचा मास्तर ना मी! पोट्ट्यांनी मोबाइलवर फोटो जुळवून 'सर, ब्रॅकिओपॉड' असं आधीच ठरवलेलं असतं. ब्रॅकिओपॉड म्हणजे शिंपल्यासारखी दोन कवचं असलेला, पण शिंपल्याच्या कुळातला नसलेला समुद्री प्राणी. राजेहो, जरा थांबा.

दगड साध्या पाण्यात भिजवून जुन्या टूथब्रशनं हलकेच घासा. लिंबू, ॲसिड अजिबात नको. चुनखडीचं कवच फसफसून विरघळतं.

मग एकच कवच घेऊन बिजागरीजवळच्या टोकापासून, म्हणजे चोचीपासून, समोरच्या काठापर्यंत मधोमध दोरा धरा. दोन्ही बाजू सारख्या भरल्या तर ब्रॅकिओपॉडची आशा. वर्धा नदीतल्या शिंपल्यावर हाच दोरा धरला की एक बाजू आखूड, दुसरी लांब दिसते. शिंपल्याची दोन कवचं मात्र एकमेकांच्या जोडीची असतात. ब्रॅकिओपॉडचं एक कवच मोठं, त्याची चोच दुसऱ्यावर झुकलेली, आणि पुष्कळदा चोचीत बारीक भोक. त्यातून देठ काढून प्राणी खडकाला चिकटायचा. कालवं इथं फसवतात, त्यांचीही कवचं लहानमोठी असतात. म्हणून दोरा चुकवू नका.

अस्सल नमुना पाहायचा तर मालविरिंकिया नावाची ब्रॅकिओपॉड पाहा. मध्य प्रदेशात नर्मदा खोऱ्यातल्या 'बाग' नावाच्या खडकथरांत ती सापडते. जीवाश्म अभ्यासणाऱ्या चिपळूणकरांनी १९३८ साली ही प्रजाती मांडली. चोचीपासून सुटलेल्या धारा, आणि दोन्ही कवचं जिथं एकमेकांना भिडतात तो काठ नागमोडी. डायनासोरांच्या क्रिटेशियस काळात समुद्र त्या खोऱ्यात शिरला होता.

आपल्याकडं ब्रॅकिओपॉड काहून सापडत नाही? ब्रॅकिओपॉड समुद्रातले. आपला कोळसा नद्या-दलदलींतला. वणीजवळच्या राजूरचा चुनखडक समुद्रातला खरा, पण कवचवाले प्राणी यायच्या कितीतरी आधीचा. काळ्या दगडाच्या थरांमधल्या गारगोटीत कवच दिसलं तर ती बहुधा गोड्या पाण्यातली फायसा गोगलगाय, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची. टोक वर, तोंड आपल्याकडं धरा: तोंड डाव्या हाताला येतं. मला विचाराल तर हाही काही कमी ऐवज नाही.

दगडासोबत चिठ्ठी ठेवा: विहीर कोणाची, किती हातांवर, वरखाली कोणता थर. आणि हाडासारखं काही दिसलं तर उपसू नका. आपल्याच तालुक्यातल्या पिसदुऱ्याला डायनासोरची हाडं निघालीत. शेजारी नाणं ठेवून फोटो काढा आणि भूशास्त्र शिकवणाऱ्या जवळच्या कॉलेजात दाखवा.