राष्ट्रीय ब्रिज स्पर्धेला पहिल्यांदा निघालात? या चुका टाळा

आमच्या तालुक्याच्या गावात ब्रिज हा पत्त्यांचा खेळ खेळणारे मोजून नऊ. चौघांचं एक अशी दोन टेबलं भरतात आणि एक जण चहा सांगायला उरतो. यंदा त्यातल्या चौघांना राष्ट्रीय स्पर्धेला न्यायचंच म्हणून मी मागे लागलोय, आणि महिनाभर एकच उत्तर ऐकतोय: "पुढच्या साली पाहू ना भाऊ, अजून हात कुठं बसला?"

पहिली चूक हीच. कबड्डी-कुस्तीवरून लोकांना वाटतं की आधी जिल्हा मारा, मग राज्य, मग राष्ट्रीय. ब्रिजमध्ये बहुतेक प्रकारांना फेडरेशनकडे नोंदणी आणि प्रवेश शुल्क एवढ्यावर बसता येतं. शिवाय सांघिक लीग बहुधा स्विस पद्धतीची असते, म्हणजे प्रत्येक फेरीत तुमच्याइतकेच गुण असलेला संघ समोर येतो. पहिल्या दोन फेऱ्यांत तुम्हाला कोणी धुतलं तर तिसऱ्या फेरीत तुमच्यासारखाच धुतला गेलेला भेटतो. तिथून खरी मजा सुरू होते. अन् "आता वय झालं" हे तर सांगूच नका. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत प्रणव बर्धन आणि शिवनाथ सरकार यांनी पुरुष दुहेरीचं सुवर्ण आणलं, तेव्हा एक साठ वर्षांचा होता, दुसरा छप्पन्न.

गावच्या टेबलाची सवय सोबत नेणं

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा हरलो ते पत्त्यांमुळे कमी आणि सवयींमुळे जास्त. गावात आम्ही रबर, म्हणजे घरगुती ब्रिज खेळायचो. पहिल्याच बोर्डवर (वाटलेला डाव चार खणांत ठेवायचा ट्रे) पहिला हात आमचा झाला आणि मी चारही पानं ओढून माझ्या पुढ्यात गोळा केली, जशी आयुष्यभर मेंढीकोटात केली तशी. उजवीकडच्या आजींनी माझं मनगट हलकेच धरलं आणि एक-एक पान ज्याचं त्याला परत दिलं. डुप्लिकेटमध्ये, म्हणजे स्पर्धेतल्या ब्रिजमध्ये, आपलं पान आपल्याच समोर पालथं ठेवायचं. हात जिंकला तर उभं, हरला तर आडवं. डाव संपला की तेराही पानं बोर्डच्या आपल्याच खणात परत, कारण तोच डाव पुढच्या टेबलावर दुसरे खेळणार असतात.

खणातून पानं काढली की उलटण्याआधी मोजा. मी एकदा न मोजता लावली, बारा निघाली. तेरावं खणाच्या तळाला चिकटलेलं होतं आणि तोवर बोली अर्धी झाली होती.

रबरची दुसरी सवय जास्त महागात पडते. तिथे करार (बोलीत कबूल केलेले हात) झाला की झालं, वरचा एखादा हात गेला तर कोणी विचारत नाही. मॅचपॉइंट दुहेरीत तोच डाव खेळलेल्या बाकी जोड्यांशी तुलना होते, तिथे त्या एका हातावरच सगळं असतं. नॉन-व्हल्नरेबल (बक्षीस-दंड कमी असलेली बाजू) असताना तीन नो-ट्रम्प, म्हणजे हुकमाशिवाय नऊ हात, नेमके केले तर ४००. चार इस्पिक (इस्पिक हुकूम, दहा हात) करणारा ४२० घेऊन जातो. पण तुम्ही दहावा हात काढलात तर ४३०, म्हणजे त्याच्या वर. करार सुरक्षित झाला म्हणून आरामात टेकून बसलेल्या माणसाला त्या डावावर तळाचे गुण मिळतात, आणि त्याला कळतही नाही का मिळाले. सांघिक सामन्यात मात्र उलट: तिथे आधी करार वाचवा, वरच्या हाताचा मोह नंतर.

बीबीओवर (ब्रिजच्या ऑनलाइन ॲपवर) शिकलेल्यांनी हे जरूर वाचा

आमच्या नऊपैकी चौघे लॉकडाऊनमध्ये मोबाईलवर शिकले. बोली त्यांची माझ्यापेक्षा चांगली आहे. पण ॲप त्यांना चुका करूच देत नाही! रंग असताना दुसरं पान टाकता येत नाही, पाळी नसताना उतारी करता येत नाही. खऱ्या टेबलावर दोन्ही बिनदिक्कत होतं. रंग असून हुकूम मारला आणि ते लगेच लक्षात आलं, तर तुमच्या बाजूने पुढच्या हाताला पान टाकेपर्यंत चूक सुधारता येते. त्यानंतर बहुतेक वेळा एक किंवा दोन हात समोरच्या जोडीला जातात.

अलर्टचंही (बोलीचा अर्थ नेहमीपेक्षा वेगळा असल्याची सूचना) तसंच. ऑनलाइन आपल्या बोलीचा अलर्ट आपण देतो. टेबलावर भिडूंच्या मध्ये पडदा नसेल तर तो भिडूने द्यायचा असतो, आणि अर्थही समोरच्यांनी विचारल्यावर भिडूच सांगतो. स्वतःच्या बोलीचा अर्थ उत्साहाने सांगू लागलात तर तुम्ही भिडूला फुकटची माहिती देताय. निघण्यापूर्वी चार रविवार खरे पत्ते आणि बिडिंग बॉक्स (बोलीच्या छापील पानांचा डबा) घेऊन बसा.

डायरेक्टरला घाबरणं

पोळ्याला पाराखाली पत्ते आणि मागून पोलिसांची जीप, हे पाहत लहानपण गेलेल्या माणसाला टेबलाशी कोणी अधिकारी आला की घाम फुटतो. तिथला डायरेक्टर नियम सांगायला असतो. समोरच्याने त्याला बोलावलं म्हणजे तुम्हाला चोर म्हटलं, असं नाही. माझ्या दोन इस्पिकवर भिडू मिनिटभर छताकडे बघत बसला आणि मग पास बोलला. समोरून तीन बदाम आले, मी लगेच तीन इस्पिक ठोकली. समोरच्यांनी हात वर केला, डायरेक्टरने शांतपणे सगळं ऐकलं आणि निकाल बदलला. भिडूचा विचार, सुस्कारा, कपाळावरची आठी यांतून कळलेलं वापरायचं नसतं. मला तेव्हा अपमान वाटला होता. आता कुठं काही वाकडं झालं की मीच आधी हात वर करतो. टेबलावर आपापसांत मिटवू नका.

बाकीचं थोडक्यात

सगळ्याच प्रकारांत नाव घालू नका. दिवसाला सात-आठ तास खुर्चीवर बसणं वखरणीपेक्षा सोपं नाही. एक सांघिक, एक दुहेरी पुरे. कन्व्हेन्शन कार्ड (आपल्या ठरलेल्या बोलींचे अर्थ लिहिलेलं कार्ड) दोघांचं सारखं भरलेलं हवं. गाडीत बसून नवीन कन्व्हेन्शन ठरवू नका. मोबाईल बंद. वर्धा किंवा बडनेऱ्याचं रिझर्व्हेशन जातानाचं आणि येतानाचं एकदमच काढा. हिवाळी स्पर्धा कापूस वेचणीत सापडू शकते, म्हणून मजुरांचं आधी बोलून ठेवा. घरी "पत्ते कुटायला चालले" असं म्हणतील. रमीच्या १९६७ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नशिबाच्या भागासाठी ब्रिजचा दाखला दिला होता आणि रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटलं होतं, हे मी घरी सांगून पाहिलं. उपयोग झाला नाही, पण तुम्ही सांगून बघा.

आणि भिडूशी भांडण. दोन डावांच्या मध्ये "तू किलवर का नाही उतरलास" हे काढलं की पुढचे तीन बोर्ड गेलेच. स्कोअरशीटवर त्या बोर्डाला पेनाने खूण करून ठेवा. परतीच्या गाडीत बडनेरा येईस्तोवर वेळच वेळ असतो.