लॉनमधलं क्रॅबग्रास: खर्च वाढवणाऱ्या या चुका टाळा

क्रॅबग्रास या तणाची सुरुवात लॉनच्या मधोमध क्वचितच होते. फरशीच्या कडेला माती लवकर तापते आणि गवत विरळ असतं, तिथे आधी एखादं रुंद, पोपटी पातं वर येतं. थोड्याच दिवसांत त्याला फुटवे येतात आणि रोप जमिनीलगत चारी बाजूंना पाय पसरून बसतं. आपलं लक्ष जातं तोवर ते ताटलीएवढं झालेलं असतं. मग धावपळ करून तणनाशक आणलं जातं, आणि पैसे वाया जायला तिथूनच सुरुवात होते.

क्रॅबग्रासला उघडी, ऊन लागणारी माती हवी असते. दाट गवताच्या सावलीत त्याचं बी नीट उगवत नाही, आणि उगवलं तरी रोप खुरटतं. म्हणून आधी माती झाकायच्या मागे लागा, औषधाचा विचार नंतर. माती झाकायला बहुतेक वेळा खर्चही येत नाही, फक्त काही सवयी बदलाव्या लागतात.

तण न ओळखताच उपाय करणं

रुंद पात्याचं प्रत्येक गवत क्रॅबग्रास नसतं. हरळीशी तर त्याची हमखास गल्लत होते, कारण दोघांचेही तुरे बोटांसारखे फाकलेले असतात. तुरा हातात घेऊन बघा. हरळीची सगळी बोटं एकाच बिंदूतून निघतात, क्रॅबग्रासची थोडी वरखाली लागलेली असतात. (त्याच्या वंशाचं शास्त्रीय नाव डिजिटेरिया, तेही लॅटिनमधल्या 'बोट' या शब्दावरूनच आलंय.) त्याच्या बुंध्यावर बऱ्याचदा जांभळट-लालसर झाक असते. बुंधा चपटा आणि चांदीसारखा पांढुरका दिसला तर ते गूसग्रास, नाचणीचं भाऊबंद. ते क्रॅबग्रासनंतर काही आठवड्यांनी उगवतं.

हा फरक खिशाशी जोडलेला आहे. क्रॅबग्रास वर्षायू आहे. हंगामात बीपासून उगवतं, बी टाकतं आणि मरतं. थंड प्रदेशात पहिल्या कडक हिमानेच संपतं. हरळी मात्र जमिनीखालच्या खोडांतून वर्षानुवर्षं येत राहते. बी उगवू न देणारं औषध त्या खोडांवर काहीच काम करत नाही. ओळख चुकली की औषध, पैसा आणि हंगाम तिन्ही गेले.

गवत फार बारीक कापणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, आणि ती सुधारायला एक पैसाही लागत नाही. बुटकं कापलं की पुन्हा लवकर कापावं लागणार नाही, असं वाटतं. पण गवत खरवडल्यासारखं कापलं की ऊन थेट मातीपर्यंत पोचतं, माती तापते आणि वरच्या थरात पडून असलेलं बी जागं होतं. शिवाय पातं आखूड झालं की मूळही आखडतं, आणि उन्हाळ्यात आधी आपलंच गवत सुकतं.

टॉल फेस्क्यूसारखं थंड हवामानातलं गवत साडेसात ते दहा सेंटिमीटर उंच ठेवावं. हरळीसारखी उष्ण हवामानातली गवतं मुळात बुटकी, त्यांना अडीच ते पाच सेंटिमीटर उंची चालते. कापणी यंत्रावरच्या आकड्यांवर भरवसा ठेवू नका. यंत्र बंद करा, स्पार्क प्लगची वायर किंवा विजेची पिन काढा, यंत्र सपाट फरशीवर ठेवा आणि पट्टीने फरशीपासून पात्याच्या धारेपर्यंतचं अंतर मोजा. यंत्रावरच्या खुणेत आणि खऱ्या उंचीत बराच फरक निघू शकतो.

एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापू नका. गवत फार वाढलंच असेल तर मध्ये काही दिवस सोडून दोन टप्प्यांत कापा. बोथट पात्याने गवत कापलं जात नाही, फाटतं. दुसऱ्या दिवशी टोकं पांढुरकी दिसली तर पातं धार लावायला काढा. कापलेलं बारीक गवत लॉनवरच राहू द्या, त्यातलं नत्र मातीत परत जातं आणि खत कमी लागतं. फक्त क्रॅबग्रासला तुरे आले असतील त्या वेळी कापलेलं सगळं गोळा करून बाहेर काढा.

रोज थोडं थोडं पाणी देणं

रोज संध्याकाळी पाच मिनिटं पाइप धरणं म्हणजे क्रॅबग्रासच्या बियांची सोय करणं. वरचा बोटभर थर सतत ओला राहतो आणि बी उगवायला तेवढंच पुरतं. आपल्या गवताची मुळंही त्या ओलाव्यासाठी वरच राहतात. त्याऐवजी आठवड्यातून एक-दोनदा, पहाटे किंवा सकाळी, पाणी खोल मुरेल असं द्या. वाढीच्या काळात पाऊस धरून आठवड्याला साधारण अडीच सेंटिमीटर पाणी बहुतेक लॉनना पुरतं. मोजायला लॉनवर दोन-तीन सपाट तळाचे रिकामे डबे ठेवा आणि त्यांत पाणी किती चढलं ते बघा. नवीन पेरलेलं बी मात्र याला अपवाद, ते रुजेपर्यंत वरचा थर ओला ठेवावाच लागतो.

पाणी मुरत नसेल, वाहून जात असेल, तर माती घट्ट झालीय. लांब स्क्रूड्रायव्हर हाताने दाबून बघा. ओल्या मातीतही तो वीतभर जात नसेल तर तिथे गवताची मुळं गुदमरणारच. क्रॅबग्रासला मात्र अशी माती चालते, म्हणून पायवाटेच्या कडेला ते फोफावतं. तेवढ्याच पट्ट्यात बागकामाच्या काट्याने भोकं पाडून वर बारीक चाळलेलं, पूर्ण कुजलेलं खत पसरा. अर्धवट कुजलेलं शेणखत टाकू नका, त्यातून तणाचं नवं बी येतं.

उशिरा उपटणं

लहान लॉनसाठी हाताने उपटण्यासारखा स्वस्त उपाय नाही, पण त्याची एक वेळ असते. रोपाला तीन-चार पानं आहेत, फुटवे यायचे आहेत, तेव्हा ते दोन बोटांत धरून सहज निघतं. पाऊस पडून गेल्यावर वाफसा आला की लागा कामाला. सगळी देठं जिथे एकत्र येतात तो मध्य धरा आणि सरळ वर ओढा, कडेच्या फांद्या ओढत बसू नका. मोठ्या रोपाच्या जमिनीला टेकलेल्या पेरांना मुळं फुटतात आणि फांदी तुटली की ती तिथेच रुजून राहते.

उपटलं की खड्डा उघडा राहतो, आणि बहुतेक जण तो तसाच सोडतात. तिथे ऊन लागतं आणि पुढचं बी उगवतं. म्हणून खिशात आपल्या गवताचं थोडं बी ठेवा, खड्ड्यात चिमूटभर टाका, वर मूठभर माती पसरून पायाने दाबा. पेरणीचा हंगाम नसेल तर कापलेल्या गवताचा पातळ थर पसरला तरी माती झाकली जाते.

तुरे आलेल्या रोपाची गोष्ट वेगळी. चांगल्या वाढलेल्या एका रोपाला दीड लाखापर्यंत बी धरू शकतं आणि ते मातीत काही वर्षं जिवंत राहतं. असं रोप झटकत उपटलं तर आपणच पेरणी करतो. आधी तुरे कापून पिशवीत भरा, मग रोप काढा. घरच्या खताच्या ढिगावर ते टाकू नका, कारण तो ढीग बी मरण्याइतका सगळीकडे सारखा तापत नाही.

औषध टाकलं, तरी आलं

उगवणपूर्व तणनाशकाबद्दल ही तक्रार कायम ऐकू येते, आणि बहुतेक वेळा चूक वेळेची असते. पेंडिमेथॅलिन किंवा प्रोडियामिन अशी तणनाशकं उगवून आलेल्या रोपाला मारत नाहीत. मातीच्या वरच्या थरात त्यांचा पट्टा तयार होतो आणि उगवत्या बीची मुळं तिथे खुंटतात. त्यामुळे औषध बी उगवायच्या आधीच पडायला हवं. चार-पाच सेंटिमीटर खोलीवर मातीचं तापमान सलग काही दिवस 13 अंश सेल्सिअसच्या आसपास राहू लागलं की उगवण सुरू होते. कॅलेंडरपेक्षा साधा खुपसायचा थर्मामीटर जास्त उपयोगाचा.

टाकल्यावर लेबलवर सांगितल्याप्रमाणे पाणी दिलं नाही तर औषध वरच राहतं. नंतर माती खणली, खरवडली तर पट्टा तुटतो. आणि तेच औषध आपल्या नव्या गवताचं बीही रुजू देत नाही. त्याच हंगामात बी पेरणारे लोक दोन्हींचे पैसे घालवतात. पेरणी करायची की औषध टाकायचं, हे आधी ठरवा. लॉन विरळ असेल तर मी पेरणीच्या बाजूने आहे. औषध हवंच असेल तर पूर्ण लॉनवर टाकायची गरज नसते. फरशीच्या कडेचा हातभर रुंद पट्टा आणि मागच्या वर्षी जिथे तण होतं त्या जागा, एवढ्याने बऱ्याचदा भागतं. हातमोजे घाला आणि लेबलावरचं प्रमाण वाढवू नका.

कॉर्न ग्लुटेन मील (मक्यातून स्टार्च काढल्यावर उरणारी पूड) नैसर्गिक पर्याय म्हणून विकलं जातं. 100 चौरस मीटरला सुमारे 10 किलो लागतं, म्हणजे स्वस्त नाही, आणि परिणामही दर ठिकाणी वेगळा दिसतो. त्यात साधारण 10 टक्के नत्र असतं. तण आधीच उगवलं असेल तर आपण त्याला खतच घालतो.

व्हिनेगर, मीठ आणि उकळतं पाणी

लॉनमध्ये यातलं काहीही वापरू नका. व्हिनेगर आणि उकळतं पाणी तण आणि गवत यांत फरक करत नाहीत, दोन्ही जाळतात आणि मागे उघडा ठिपका ठेवतात. मोठं क्रॅबग्रास तर व्हिनेगरनंतर बुंध्यातून पुन्हा फुटू शकतं. मिठाने माती खराब होते आणि तिथे गवत धरायला फार वेळ लागतो. फरशीच्या भेगांतल्या तणावर उकळतं पाणी ओतायला हरकत नाही, तिथे गवत वाचवायचं नसतं.

खत चुकीच्या वेळी

थंड हवामानातल्या गवताला भर उन्हाळ्यात नत्र देऊ नका. त्या दिवसांत ते गवत विसावलेलं असतं आणि नत्र क्रॅबग्रास खातं. या गवताचं मुख्य खत उन्हाळा सरल्यावर, विरळ जागी बी पेरायचं त्याच सुमारास द्या. उष्ण हवामानातल्या गवताला ते जोमाने वाढत असताना द्या.

पहिल्या वर्षी सगळं नीट केलं तरी क्रॅबग्रास दिसेलच, कारण मातीत जुनं बी आहे. म्हणून पूर्ण लॉन खणून काढायच्या फंदात पडू नका, खणल्याने खाली गाडलेलं बी वर येतं. गवत उंच ठेवा, आणि उगवणीच्या दिवसांत आठवड्यातून एकदा खुरपं घेऊन फरशीच्या कडेने एक फेरी मारा. दोन-तीन हंगाम एकाही रोपाला तुरा येऊ दिला नाही, तर कडेला उपटायला सापडणारी रोपं वर्षागणिक कमी होत जातात.